उपग्रह, ध्रुवप्रदेश आणि भामरागड

कृत्रिम उपग्रहांमुळे दुर्गमतेची कल्पना पालटली, असे सामान्यतः मानले जाते. हे मत तपासण्यासाठी ध्रुवप्रदेशातील संशोधनकेंद्रे आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा अरण्यप्रदेश यांची तुलना उद्बोधक ठरते.

विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर भासणारा उपग्रह ८१ अंशांपलीकडील अक्षांशांवर क्षितिजाखालीच राहतो. म्हणून दक्षिण ध्रुवावरील अमेरिकन केंद्राला कक्षा कललेल्या जुन्या उपग्रहांचा आधार घ्यावा लागला. तेही दिवसातून काही तासच दिसत. १९८९ मध्ये सुरू झालेले भारताचे मैत्री केंद्र सुमारे ७१ अंश दक्षिणेस आहे. तेथे असा उपग्रह फार तर ११ अंश वर येतो. साडेएकोणीस अंश उत्तरेस असलेल्या भामरागडला मात्र तो ६७ अंशांपर्यंत वर असू शकतो. तेव्हा आकाशाच्या दृष्टीने भामरागडच अधिक सुगम होय. परंतु मैत्रीवरील संशोधक आणि गोव्यातील त्यांची संस्था यांची व्यवहारभाषा एकच आहे. भामरागडचे तसे नाही.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'एटीएस-६' या अमेरिकन उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना शैक्षणिक चित्रवाणी दाखविण्यात आली. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. भाषा चार होत्या: हिंदी, तेलुगू, कन्नड व ओडिया. एकाच चित्राबरोबर दोन ध्वनिमार्ग पाठविण्याची सोय असल्याने आंध्र व कर्नाटक यांना एकच चित्र आपापल्या भाषेत ऐकता येई. अर्थात अनेक भाषांना वाव देणे यंत्राला अशक्य नव्हते. कोणत्या भाषांना तो द्यावयाचा, हा निर्णय मनुष्याचा होता. गोंडी त्या निर्णयात बसली नाही. मध्य भारतात दूरवर पसरलेली ही द्राविड भाषा आजही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेर आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याच महिन्यात उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले होते. परंतु पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात वारंवार तुटणाऱ्या या भागात माडियांशी संवादाचा मार्ग त्याआधीच निराळ्या रीतीने शोधला गेला होता. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तेथे वीज वा दूरध्वनी नव्हता. डॉ. प्रकाश आमटे व त्यांचे सहकारी प्रथम माडिया शिकले. रोग्याला काय होते आहे, हे त्याच्याच शब्दांत कळल्यावाचून उपचार संभवत नव्हते.

यावरून संदेशवहनाच्या इतिहासात यंत्राइतकीच भाषेचीही नोंद होणे अवश्य ठरते. संदेश गावापर्यंत पोहोचणे आणि तो गावकऱ्याला कळणे या दोन भिन्न घटना आहेत. दुसरीचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे.