शब्दवेध : इलेक्ट्रो

जुन्या हिप-हॉपची एक लखलखीत शाखा म्हणजे ‘इलेक्ट्रो’. या नावाचं मूळ ग्रीक ‘इलेक्ट्रॉन’, म्हणजे झाडाच्या राळेचा अश्मीभूत खडा. घासला की तो काड्या ओढून घेतो. संस्कृतात म्हणूनच तो ‘तृणमणी’. या ओढीवरून विल्यम गिल्बर्टने १६०० साली लॅटिनमध्ये ‘इलेक्ट्रिकस’ हे विशेषण योजलं, आणि पुढे त्याच मुळातून विजेची सारी शब्दावळ फुटली.

संगीतात तो शब्द ठसठशीत उमटला न्यूयॉर्कमध्ये. आफ्रिका बम्बाटा आणि सोलसॉनिक फोर्स यांच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये (१९८२) क्राफ्टवर्क या जर्मन चमूच्या ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ची धून आहे आणि रोलंड टीआर-८०८ या जपानी तालयंत्राचे ठोके. या बाजाला ‘इलेक्ट्रो-फंक’ म्हणत. १९८३ साली ब्रिटनच्या स्ट्रीट साउंड्स या रेकॉर्ड कंपनीने आपल्या संकलनांवर नुसतं ‘इलेक्ट्रो’ छापलं, आणि हे सुटसुटीत नाव रुळलं.

ऐकताना आधी ८०८च्या खर्जाकडे कान द्या. ठोका पडतो आणि त्याची घुमार छातीत लांबत जाते. मग याच बाजातलं हशीमचं ‘अल-नाफिश’ लावा. मोजक्या सुरांत केवढा अवकाश उभा राहतो, ते कळेल.