बसस्टॉपवरचा नायक

जुन्या सिनेमाच्या भक्तांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाला रडायला आवडतं. ही मंडळी ‘प्यासा’ला हात जोडतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात गंभीर चेहऱ्याने वावरतात. दुसऱ्या पंथाला टीव्हीवर ‘छोटी सी बात’ दिसला, की गॅसवरची भाजी करपली तरी जागचं हलवत नाही. आमचं घर या दुसऱ्या पंथाचं. करपलेल्या भाजीची चव आम्हाला पाठ आहे.

आता त्या सिनेमात गोष्ट ती काय? मुंबईतला एक बुजरा तरुण. त्याच बसस्टॉपवर उभी राहणारी एक मुलगी. तो रोज तिच्या मागे मागे तिच्या ऑफिसापर्यंत जातो आणि तोंडातून शब्द न काढता परत फिरतो. मध्येच नागेश नावाचा स्कूटरवाला टपकतो, तिला लिफ्ट देतो, हॉटेलात ‘चिकन आलापूस’ मागवतो. मग आपला नायक खंडाळ्याला एका कर्नलसाहेबांकडे जातो. प्रेमाची शिकवणी लावून घ्यायला! दहावीच्या गणितासारखी. अशोककुमारने ती शिकवणी अशा काही थाटात घेतली आहे, की आपणही फी भरून बसावं. मूळ कल्पना एका इंग्रजी चित्रपटाची, पण बासू चटर्जींनी ती इतकी बेस्टच्या लाल बसमध्ये बसवली, की विलायतेचा वास कुठे राहिला नाही.

हा सिनेमा १९७६ चा. त्या वेळी मिनर्व्हाला गब्बरसिंग ठाण मांडून बसला होता. आदल्याच वर्षी ‘दीवार’ येऊन गेला होता. पडद्यावरचा तरुण गोदीत एकट्याने दहाजणांना लोळवत होता. आणि अशा दिवसांत अमोल पालेकर नावाचा हा माणूस! याला एक मोटारसायकल धड घेता येत नाही. घेतो ती भररस्त्यात बंद पडते. बँक ऑफ इंडियात खरोखर कारकुनी केलेला नट. तो पडद्यावर फाईल हातात धरायचा ती खऱ्या कारकुनासारखी, म्हणजे आत काय आहे हे न बघता. आम्ही सगळे त्या काळी कुठल्या ना कुठल्या टेबलामागे बसलेले. अमिताभ व्हावंसं आम्हालाही वाटे, पण आरशात रोज दिसायचा तो पालेकर. तोही मिशी काढलेला!

तसा हा प्रकार आपल्याकडे अगदी नवा नव्हता. अत्र्यांच्या कथेवर मास्टर विनायकांनी १९३८ सालीच ‘ब्रह्मचारी’ काढून व्यायाम आणि ब्रह्मचर्य यांची यथेच्छ टिंगल केली होती. मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखाने तर महाराष्ट्रातल्या अनेक प्रतिज्ञा मोडल्या. पुढे १९५२ साली राजा परांजपे आणि गदिमा या जोडीचा ‘लाखाची गोष्ट’ आला. पण सत्तरीतल्या बासूदांच्या सिनेमात एक गोष्ट वेगळी होती. त्यात खलनायक नव्हता. बासूदा मूळचे व्यंगचित्रकार, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात वर्षानुवर्षं चित्रं काढलेले. व्यंगचित्रकाराला खलनायकापेक्षा कोपऱ्यात छत्री धरून उभा राहिलेला माणूस जास्त दिसतो.

खलनायक नाही म्हटलं, ते पुरतं खरं नव्हे. एक होता. जागा! राजा ठाकूरांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० साली आला आणि त्यावरून बासूदांनी १९७२ साली ‘पिया का घर’ केला. नवं लग्न झालेलं जोडपं, भरलेली चाळ आणि दोघांना दोन शब्द बोलायला कोपरा नाही. या गोष्टीला प्राण आणायला तलवार लागत नाही, नुसती कडी लागते. दाराची. भाडेनियंत्रणाचा कायदा १९४७ चा, त्यामुळे जुनी जागा कोणी सोडीना, नवी परवडेना आणि पागडीच्या आकड्याने भल्याभल्यांची लग्नं लांबत होती. १९७७ च्या ‘घरौंदा’त हाच पालेकर जागेपायी काय होऊन बसतो, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना विचारा. तो सिनेमा आमच्याकडे सहसा लावत नाहीत. त्याला भाजी करपत नाही, घास अडतो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. प्रेम बागेतून उठून बसस्टॉपवर आलं, ते का? मुलगी नोकरीला जाऊ लागली म्हणून. आईवडिलांच्या परवानगीशिवाय एका अनोळखी मुलाशेजारी रोज दहा मिनिटं उभं राहण्याचा हक्क तिला मिळाला तो मस्टरवरच्या सहीमुळे. ‘बातों बातों में’ (१९७९) मध्ये हेच लोकलच्या डब्यात घडतं. आणि ‘रजनीगंधा’ (१९७४) पाहा. मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरचा. कथा कानपूर-कलकत्त्याची, सिनेमात ती दिल्ली-मुंबईची झाली. नायिका मुलाखतीला मुंबईत येते, जुना मित्र भेटतो आणि तिचं मन दोन्हीकडे झुलतं. झुलतं म्हणून कोणी तिला घराबाहेर काढत नाही, की रेल्वेच्या रुळांकडे धाडत नाही. हिंदी सिनेमात हे आक्रीतच होतं.

पण हेच ‘रजनीगंधा’चं साल रेल्वे संपाचं आणि कडाडलेल्या महागाईचं. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यामागून बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या, त्याच बायका शनिवारी विद्या सिन्हाची साडी बघायला थेटरात येत होत्या. सिनेमात मात्र रॉकेलची रांग कुठे दिसत नाही. आम्हाला त्या काळाची जी ओढ लागते, ती त्या रांगा वगळून उरलेल्या काळाची.

माझ्या भाचीने परवा हाच सिनेमा आमच्याबरोबर पाहिला. अर्ध्यावर म्हणाली, “मामा, हा रोज तिच्या मागे मागे जातो. याला आता काय म्हणतात आणि कुठलं कलम लागतं, सांगू का?” मी म्हटलं, “अगं, पण तिला सगळं कळत असतं, ती गालातल्या गालात हसते.”

“ते दिग्दर्शकाने सांगितलं म्हणून,” भाची म्हणाली.

हिने भाचीची बाजू घेतली. मला एकदम आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाई आठवल्या. वर्षानुवर्षं त्या दोन स्टॉप आधी उतरून चालत यायच्या. आम्ही त्यांना प्रकृतीची फार काळजी म्हणून चिडवायचो. निवृत्तीच्या दिवशी, हातात नारळ असताना, त्यांनी खरं कारण सांगितलं. त्यांच्या स्टॉपवरही एक अरुण असायचा. तो खंडाळ्याला कधी गेला नाही आणि त्यांना एकदाही हसू आलं नाही. हे सांगून झाल्यावर मी आणि भाची काही वेळ गप्प बसलो. मग सिनेमा मात्र तिघांनीही शेवटपर्यंत पाहिला. शेवटी नागेश टेबल टेनिसमध्ये हरतो, तिथे सगळ्यांत मोठ्याने भाचीच हसली.

त्यात दिसणारं जहांगीर कलादालनातलं समोवार २०१५ साली बंद झालं. बासूदा २०२० साली गेले, त्याआधी वर्षभर विद्या सिन्हा गेली. जुन्या दुमजली बसनेही २०२३ च्या सप्टेंबरात निरोप घेतला. तिच्या वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळण्यासाठी आम्ही जी धावाधाव केली, तेवढी प्रेमासाठी केली असती तर... असो. ही शेजारीच बसली आहे.

सई परांजप्यांचा ‘चश्मेबद्दूर’ (१९८१) हा याच घराण्यातला, फक्त दिल्लीचा. २०१३ साली त्याचा नवा अवतार निघाला, त्याच दिवशी मूळ सिनेमाही धुऊनपुसून पुन्हा थेटरात आला. आम्ही अर्थात जुन्याला गेलो. सगळं थेटर पांढऱ्या केसांचं. ‘चमको’ पावडर विकणारी दीप्ती नवल दार वाजवायच्या आतच मंडळी हसायला लागलेली. फारुख शेख टूटी-फ्रूटीची ऑर्डर देतो तिथे तर हिच्या शेजारच्या आजी ती मोठ्याने त्याच्या आधी देऊन मोकळ्या झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात फारुख शेख गेला.

मध्यंतरात मी काउंटरवर जाऊन टूटी-फ्रूटी आहे का विचारलं. तिथल्या पोराने शेजारच्याला विचारलं, शेजारच्याने संगणकात पाहिलं. “कुठल्या फ्लेवरचे पॉपकॉर्न म्हणता, अंकल?” म्हणाला. आम्ही दोन चहा घेतले. तेवढ्या पैशांत १९८१ साली आख्ख्या चाळीने तो सिनेमा बाल्कनीत बसून पाहिला असता.