अवकाशयानांचे चुंबकीय संरक्षण

सूर्यापासून व आकाशगंगेतून येणाऱ्या विद्युत् भारित कणांपासून अवकाशयानाचे व त्यातील माणसांचे रक्षण व्हावे म्हणून यानाभोवती चुंबकीय क्षेत्राचे अथवा आयनद्रायूचे (आयन व इलेक्ट्रॉन यांच्या विद्युत् दृष्ट्या उदासीन मिश्रणाचे) आवरण निर्माण करण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. कण जाड भिंतीत शोषून घेण्याऐवजी त्यांचा मार्गच वळविणे हे या पद्धतींचे मूलतत्त्व होय. अंतराळवीरांना नेणाऱ्या कोणत्याही यानावर अशी योजना अद्याप वापरलेली नाही. पृथ्वीला मात्र असे आवरण निसर्गतःच लाभलेले आहे. कृत्रिम आवरणाची कल्पना त्यावरूनच सुचली असून, या नैसर्गिक आवरणाच्या अभ्यासाला उपयोगी पडलेल्या जुन्या नोंदींत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील नोंदींना मोठे महत्त्व आहे.

कुलाबा व अलिबाग येथील वेध : कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली व १८४१ पासून तेथे भूचुंबकीय मापने नियमितपणे होऊ लागली. बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर उद्दीप्ती दिसली. त्यानंतर एका दिवसाच्या आतच पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. त्या वेळी कुलाब्यास क्षेत्राचा क्षैतिज घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याची नोंद झाली. ही मापने निरीक्षकांनी उपकरणे डोळ्यांनी वाचून टिपलेली होती. २००३ मध्ये त्यांचे नव्याने विश्लेषण प्रसिद्ध झाले व तीव्र वादळांच्या अभ्यासात ती आधारभूत ठरली.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील मापनांचे संकलन व विवेचन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरल्यामुळे चुंबकीय मापनांत व्यत्यय येणार हे ओळखून त्यांनी अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले, त्यामुळे नोंदींची साखळी अखंड राहिली. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था झाली व अलिबागचे काम तिच्याकडे आले.

नैसर्गिक आवरण : सूर्यापासून निघालेला आयनद्रायू पृथ्वीजवळ आल्यावर तिच्या चुंबकीय क्षेत्राला दाबतो व स्वतः बाजूला वळतो, त्यामुळे क्षेत्राभोवती पोकळी तयार होते, असे सिडनी चॅपमन व व्हिन्सेंट फेरारो यांनी १९३०–३१ मध्ये मांडले. असा प्रवाह सतत वाहत असला पाहिजे, असे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये प्रतिपादन केले व त्याला सौरवात हे नाव दिले. मरिनर-२ या यानाने १९६२ मध्ये त्याची खात्री करून दिली. सूर्याच्या बाजूस पृथ्वीच्या त्रिज्येच्या सु. दहापट अंतरावर सौरवाताचा दाब व चुंबकीय दाब यांचा समतोल होतो. या सीमेच्या आतील प्रदेशास चुंबकांबर म्हणतात.

कृत्रिम आवरणाचे प्रयत्न : अतिसंवाहक (अतिशीत तापमानास विद्युत् रोध नाहीसा होणाऱ्या) तारेच्या वेटोळ्यांनी यानाभोवती तीव्र क्षेत्र निर्माण करावे, अशी योजना रिचर्ड लेव्ही यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत मांडली. १९६४ मध्ये त्यांनी व जी. एस. जेन्स यांनी तिला आयनद्रायूची जोड दिली. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांचा मेघ अडकवून ठेवला व यानावर कोट्यवधी व्होल्टांचे धन वर्चस् निर्माण केले, तर प्रोटॉन दूर लोटले जातील, असे हे तत्त्व होते. तथापि एवढे वर्चस् व मेघाचे स्थैर्य टिकविणे अवघड ठरले. रॉबर्ट विंगली यांनी २००० मध्ये आयनद्रायू सोडून लहान चुंबकीय क्षेत्र फुगविण्याची कल्पना मांडली. तिचा मुख्य हेतू सौरवाताच्या साहाय्याने यानास गती देणे हा होता. इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेतील रूथ बॅमफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आयनद्रायूच्या झोतात ठेवलेल्या लहान चुंबकाभोवती झोत दुभंगून पोकळी होते, असे त्यात दिसून आले. निसर्गातही लहान आकाराचे असे आवरण आढळते. भारताच्या चांद्रयान-१ वरील सारा या उपकरणाने चंद्रावरील स्थानिक चुंबकीय क्षेत्राभोवती लघुचुंबकांबर असल्याचे दाखविले. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. २०१३–१५ या काळात यूरोपात मॅग्नेशियम डायबोराइडाच्या अतिसंवाहक वेटोळ्यांचा अभ्यास झाला.

मूल्यमापन : या विषयात सौरवात व उच्च ऊर्जेचे कण यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. सौरवातातील प्रोटॉनाची ऊर्जा सु. एक हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट असते व यानाची पातळ भिंतही त्याला अडवू शकते. सौरवात थोपविण्यास सु. ७० नॅनोटेस्लांचे विस्तृत क्षेत्र पुरते. खरा धोका सौर उद्रेकांतील कोट्यवधी व विश्वकिरणांतील अब्जावधी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या कणांपासून असतो. एक अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टांचा प्रोटॉन एक टेस्ला क्षेत्रातही सु. ५·७ मी. त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. म्हणून यानाएवढ्या जागेत त्याला वळविण्यास कित्येक टेस्लांचे क्षेत्र लागते आणि वेटोळी, शीतन व आधार-रचना यांचे वजन फार वाढते. प्रयोगशाळेतील पोकळी म्हणजे अंतराळवीरांचे संरक्षण नव्हे, ते याच कारणाने.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये अपोलो-१६ व अपोलो-१७ या मोहिमांच्या दरम्यान तीव्र सौर उद्रेक झाला. त्या वेळी चंद्रमार्गावर कोणी अंतराळवीर नव्हते, हा केवळ योगायोग होय. क्यूरिऑसिटी यानाने २०११–१२ मधील मंगळप्रवासात रोज सु. १·८ मिलिसीव्हर्ट प्रारणमात्रा मोजली. सध्या हायड्रोजनयुक्त पदार्थांचे आवरण, यानातील सुरक्षित कक्ष व उद्रेकाची आगाऊ सूचना यांवरच भर दिला जातो. अशा सूचनेसाठी सूर्य व सौरवात यांचे अखंड वेध लागतात. पृथ्वीपासून सु. १५ लाख किमी. अंतरावरून भारताचे आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४ पासून असे वेध घेत आहे. त्यावरील अतिनील दूरदर्शक पुण्याच्या आयुका या संस्थेने विकसित केला आहे.