मुंबई ते लंडन : एका अंतराची मोजदाद

मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधील अंतर सरळ हवाई रेषेने मोजले तर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते, आणि पेशवाईतही ते तेवढेच होते; परंतु त्या काळी विलायतेस निघालेल्या गलबताला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून वीस हजार किलोमीटरांच्या आसपास पाणी कापावे लागे, आणि प्रवासास चार महिने लागतील की सहा, याचा निवाडा वाऱ्याच्या मर्जीवर सोपवलेला असे.

वाऱ्याची ही ताबेदारी झुगारण्याचा पहिला गंभीर उद्योग मुंबईच्याच गोदीत, वाडिया घराण्याच्या कारागिरीतून सिद्ध झालेल्या ‘ह्यू लिंडसे’ नामक आगबोटीने केला. २० मार्च १८३० रोजी मुंबई सोडून ती सुएझला पोहोचली खरी, पण प्रवासाच्या तेहतीस दिवसांपैकी सुमारे बारा दिवस वाटेतील मुक्कामांतच खर्ची पडले. कारण तिच्या पोटात एडनपर्यंत पुरेल इतक्या कोळशाचीही मुळात सोय नव्हती, म्हणून जिथे उतारूंनी निजावयाचे तिथेही कोळसा रचावा लागला, आणि पुढच्या बंदरांवरचा साठा आधी शिडाच्या जहाजांनी धाडून ठेवावा लागला. वाफेने वाऱ्याचा पराभव केला, असे आपण ऐटीने म्हणतो. त्या वाफेचे सरपण मात्र वाराच वाहून नेत होता!

साताऱ्याचे वकील रंगो बापूजी यांच्या वाट्याला आलेले अंतर मात्र कोणत्याही नकाशात सापडावयाचे नाही. १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीने पदच्युत केलेल्या प्रतापसिंह महाराजांची फिर्याद घेऊन ते लंडनला गेले आणि १८५३ च्या अखेरीपर्यंत कंपनीच्या दारी अर्ज, कैफियती आणि स्मरणपत्रे गुदरीत राहिले. आगबोटींमुळे आणि मिसरमधील खुष्कीच्या मार्गामुळे टपाल तोवर महिना-दीड महिन्यात विलायतेस पोहोचू लागले होते. तरी महाराज १८४७ मध्ये काशीस निवर्तले आणि दाद मात्र मिळाली नाही. टपालाला लागलेली घाई दफ्तराला लागत नसते.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर समुद्रमार्ग जवळजवळ आठ हजार किलोमीटरांनी आखूड झाला. पुढे ८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून उडाले, आणि कैरो व जिनिव्हा येथे टेकत लंडनला पोहोचले. महिन्यांचा हिशेब असा तासांवर आला. आज थेट विमानाला साधारण नऊ-दहा तास पुरतात.

साधारण म्हणावयाचे, कारण आकाशालाही जकातनाकी आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या हवाई हद्दीचा परवाना भारतीय विमानांस नाकारला, तेव्हा पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना दक्षिणेचा वळसा घेऊन अरबी समुद्रावरून जावे लागू लागले. तेथे खाली ‘ह्यू लिंडसे’ने तुडवलेलेच पाणी पसरलेले असते.