निरवानिरवीची पोथी

पलंगावर एक हडकुळा माणूस. अंगावरचं पांघरूण त्याने भिरकावून दिलं आहे आणि शुश्रूषेला आलेल्याला तो चक्क लाथ मारतो आहे. उशाजवळचं मेज कलंडलंय, भांडी जमिनीवर पडली आहेत, खायचं घेऊन आलेली बाई जागीच थबकली आहे. हा सगळा गोंधळ बघून खूश झालेला एक सैतानही तिथे आहे. दुखणाईताचं घरात ज्यांनी केलंय त्यांना सैतान सोडून या चित्रातलं काहीच नवं वाटणार नाही. चित्र आहे साधारण 1450 सालचं, आणि ज्या पुस्तकात ते आहे त्याचं नाव ‘आर्स मोरिएन्दी’, म्हणजे मरण्याची कला.

नाव भारदस्त, पुस्तक छोटं. एकूण चोवीस पानं, त्यातली अकरा चित्रांची. गुटेनबर्गचे सुटे खिळे याच सुमारास वापरात येत होते, पण हे पुस्तक त्याहून जुन्या रीतीचं. एकेका लाकडी ठोकळ्यावर चित्र किंवा मजकूर उलटा कोरायचा, शाई लावायची, वर कागद ठेवून पाठीमागून घासायचा. छपाई कागदाच्या एकाच बाजूला होई. अक्षरओळख नसलेल्यालाही चित्रं कळत आणि लॅटिन येणाऱ्याला समोरचा मजकूर वाचता येई.

मरण शिकवायला पुस्तक लागावं, ही गरज मुळात महामारीने निर्माण केली. 1347 ते 1351 या काळात प्लेगने युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं नेली. ख्रिस्ती माणसाला शेवटच्या घटकेला धर्मगुरू हवा, कारण पापांची कबुली त्याच्यापाशी द्यायची, तेलाचा अभिषेक त्याच्या हातून घ्यायचा. पण रोग्यांच्या उशाशी बसणारे धर्मगुरूच आधी गेले. जानेवारी 1349 मध्ये इंग्लंडातल्या बाथ आणि वेल्सचे बिशप राल्फ यांनी पत्र काढून कळवलं की, धर्मगुरू मिळत नसेल तर कबुली कुणाही साध्या माणसापाशी द्यावी, पुरुष नसेल तर बाईपाशीही चालेल. चर्चच्या हिशोबात ही फार मोठी सवलत होती. उशाशी बसायचं काम शेजाऱ्यापाजाऱ्यांवर येऊन पडलं, पण बसून करायचं काय हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस विद्यापीठाचे चान्सलर ज्याँ जेर्सों यांनी त्याचं उत्तर लिहिलं. मरणाऱ्याला काय सांगावं, काय विचारावं, कोणत्या प्रार्थना म्हणाव्या, काय पाळावं, असं सरळ चार भागांत. हे फलकांवर लिहून चर्चमध्ये, शाळांत, इस्पितळांत लावावं असं त्यांचं म्हणणं होतं. जेर्सोंच्या मजकुरावर कुणा अनाम लेखकाने मोठा ग्रंथ रचला, त्याचा पुढे संक्षेप झाला आणि त्या संक्षेपाला ही अकरा चित्रं जोडली गेली.

त्यातली दहा चित्रं जोडीजोडीने येतात, एकात मोह आणि पुढच्यात त्यावरचा उतारा. मोह पाच. श्रद्धा डळमळणं, निराशा, अधीरता, आपल्याच पुण्याईचा गर्व आणि लोभ. निराशेच्या चित्रात सैतान जन्मभराच्या पापांची यादीच रोग्यासमोर धरतात. उताऱ्याच्या चित्रात त्याच खोलीत जमतात ते सगळे जुने अपराधी. येशूला ओळखत नाही म्हणणारा पीटर आपल्या कोंबड्यासह, मेरी मॅग्डालीन, सुळावरचा चोर, घोड्यावरून पडलेला पॉल. यांना क्षमा मिळाली तर तुला का नाही, एवढंच ते चित्र सांगतं, आणि न बोलता सांगतं. लोभाचं चित्र मात्र सगळ्यांत संसारी. मरणाऱ्याला दिसतंय स्वतःचं घर, तळघरातली दारूची पिंपं, तबेल्याकडे नेला जाणारा घोडा आणि भोवती उभे असलेले नातेवाईक. यातला नेमका कोणता ऐवज सोडवत नाही, हे चित्रकाराने बघणाऱ्यावर सोपवलंय.

अकराव्या चित्रात सगळं संपतं. साधू त्याच्या हातात मेणबत्ती देतो, एवढंसं बाळ दिसावं तसा आत्मा देवदूत उचलून घेतात आणि खाली सैतान चरफडतात.

चित्रांमुळे पुस्तक खपलं, पण त्याचा कणा प्रश्नांचा होता. कँटरबरीच्या अँसेल्म यांच्या नावावर चालत आलेले हे प्रश्न रोग्याला शुद्ध आणि वाचा असतानाच विचारायचे. या श्रद्धेत मरताना तुला समाधान आहे ना? चुकलास हे मान्य आहे ना? वाचा गेली असेल तर त्याने खुणेने उत्तर द्यावं. विचारणारं कुणीच नसेल तर स्वतःलाच विचारावं. आणि उशाशी बसणाऱ्यांना एक सक्त ताकीद होती, ‘काही होत नाही, उठून बसशील’ असला खोटा धीर द्यायचा नाही. त्या धीरानेच माणूस तयारीविना जातो, असं पुस्तकाचं ठाम मत. हे दुखणंही जुनंच. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वैद्यांना बजावलं होतं की, रोग्याकडे गेल्यावर आधी त्याला धर्मगुरू बोलवायला सांगा, औषध मग. म्हणजे वाईट बातमी तोंडातून काढणं वैद्यांना तेव्हाही जड जात असणार.

मराठीत या सगळ्याला ‘निरवानिरव’ असा नेमका शब्द आहे. जाण्याआधी ज्याचं त्याला सोपवणं, सांगायचं ते सांगून टाकणं. मरणाचा मजकूर वाचण्याची आपली रीत मात्र उलटी. गरुडपुराण उघडतं ते माणूस गेल्यावर, दहा-तेरा दिवसांत, आणि ऐकणारे असतात मागे राहिलेले.

युरोपात पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1490 मध्ये फ्रेंचवरून त्याचा इंग्रजी सारांश केला आणि पुढच्या दोनेक वर्षांत तो स्वतःच गेला. मग विद्वान धर्मचिंतक इरॅस्मस आला. मरणाच्या तयारीवरचं त्याचं पुस्तक 1534 मध्ये निघालं, ते लिहायला सांगितलं थॉमस बोलीन यांनी, म्हणजे इंग्लंडची राणी ॲन बोलीन हिच्या वडिलांनी. दोन वर्षांत त्याच मुलीचा शिरच्छेद झाला आणि वडील मागे राहिले. इरॅस्मसचा भर शेवटच्या तासावर नव्हता. जन्मभर नीट जगलेल्याला उशाशी धर्मगुरू मिळाला नाही तरी बिघडत नाही, असं तो म्हणतो. 1651 मध्ये जेरेमी टेलर या इंग्रज धर्मोपदेशकाने ‘होली डाइंग’ लिहिलं तोवर ही कला मरणशय्येवरून उठून रोजच्या दिनक्रमात आली होती.

नंतर मरणच घरातून हललं आणि इस्पितळात गेलं. उशाशी बसायचं काम डॉक्टरांकडे आलं, पण त्यांच्या हाती असली पोथी नव्हती. 1967 मध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्यांच्या शुश्रूषेचं ठिकाण, उभं केलं, 1969 मध्ये एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी मरणाऱ्यांशीच बोलून पुस्तक लिहिलं. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. कायदा आणखी मागून आला. मराठी माणूस ‘मृत्युपत्र’ म्हणतो तेव्हा त्यात घर, शेत, दागिने असतात, म्हणजे जुन्या चित्रातला पाचवा मोहच. स्वतःला कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी दिली. पण त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. 2023 मध्ये ती अट जाऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरला.

आणि प्रश्न? ते 2014 मध्ये परत आले, अतुल गावंडे या शल्यविशारदाच्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात. उपशामक उपचारांतल्या तज्ज्ञ सुझन ब्लॉक यांच्याकडून ते त्यांनी घेतले. काय होतंय हे तुम्हाला किती कळलंय? भीती कशाची वाटते? वेळ कमी असेल तर काय हवंय आणि त्यासाठी काय सोसायची तयारी आहे? ब्लॉक यांनी हेच स्वतःच्या वडिलांना मानेच्या शस्त्रक्रियेच्या तोंडावर विचारलं होतं. निवृत्त प्राध्यापक असलेल्या वडिलांचं उत्तर असं की चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आलं, तर मी जगायला तयार आहे. अँसेल्मच्या यादीत आइस्क्रीम बसलं नसतं. पण शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव झाला तेव्हा मुलीने याच उत्तरावर निर्णय घेतला.

गावंडे घराणं विदर्भातल्या उटी गावचं. आजोबा सीताराम शंभरी ओलांडल्यावरही रात्री घोड्यावरून शेतावर फेरी मारत. गेले ते जवळजवळ एकशेदहाव्या वर्षी, कचेरीच्या कामाला जाताना बसमधून उतरताना पडून. त्यांचे चिरंजीव आत्माराम अमेरिकेत ओहायोत मूत्रविकारांचे सर्जन झाले, उमरखेडला त्यांनी आईच्या नावाने महाविद्यालय काढलं. त्यांच्याच पाठीच्या कण्यात गाठ निघाली तेव्हा वरचे प्रश्न मुलाने त्यांना विचारले. 2011 मध्ये ते गेले. अस्थी त्यांच्या इच्छेप्रमाणे वाराणसीला गंगेत सोडल्या. विधीत थोडं गंगाजल प्यायचं होतं. डॉक्टर मुलाने पाण्यातल्या जंतूंची माहिती आधीच काढून प्रतिजैविकं घेतली होती आणि मगच ते पाणी तोंडात घेतलं. परजीवींचा विचार मात्र राहून गेला, आणि पोटात जिआर्डिया घेऊनच ते अमेरिकेला परतले.