दुसऱ्या पेनीचा हिशेब

घरच्या टेबलावर इवलासा रंगमंच मांडून आप्तेष्टांना नाटक दाखवावयाचे, हा छंद एकोणिसाव्या शतकात विलायतेत घरोघर पसरला होता. १८११ च्या सुमारास लंडनमध्ये नाटकांतील पात्रांचे व देखाव्यांचे छापील कागद विकावयास आले. ते पुठ्ठ्यावर चिकटवून कातरायचे, पात्रे तारेने बाजूंतून आत सरकवायची आणि सगळ्यांचे संवाद आपणच म्हणावयाचे. ‘मिलर अँड हिज मेन’ हे नाटक मुलांचे फार लाडके. कारण शेवटी त्यातली पिठाची गिरणीच धडाक्याने उडते!

बिनरंगी कागदाला एक पेनी, रंगवलेल्याला दोन. आम्हा कामगार चळवळीतील माणसांची नजर जाते ती त्या दुसऱ्या पेनीवर. ती हाताने रंग भरल्याची. पण ती सगळी रंगवणाऱ्याच्या पदरात पडत नसणार, हे वसई-विरारच्या चाळींतून नगावर काम करणाऱ्या आयाबहिणींना आम्ही सांगावयास नको. लेखक स्टीव्हन्सनने १८८४ साली या कागदांवर लेख लिहिला. त्याचा आनंद होता तो कागद निवडून स्वतः रंगवण्यात. रंगवून झाले की त्याच्या लेखी गोडी सरली.

घर हीच रंगशाळा करणारी माणसे आपल्याकडेही आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची घराणी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून आहेत. चित्रकथीत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवून वाद्यांच्या साथीने कथा सांगतात. चित्रांच्या अशा एका गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात. या कलेला सावंतवाडीकरांचा आश्रय होता. १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रय संपला, तरी खेळ टिकला, तो या घरांनी टिकवला म्हणून. परशुराम गंगावणे यांनी तर आपल्या गोठ्यातच संग्रहालय उभे केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आम्हांस अभिमान आहे.

पण मानपत्र एकाच्या हाती येते आणि चूल साऱ्या घराची पेटवावी लागते. म्हणून आपल्या उत्सवांत अशा कलावंतांना बोलवाल, तेव्हा कलासेवेच्या नावाखाली बिदागीची घासाघीस करू नका. आणि घरी मुलांना एक रिकामे खोके, थोडा रंग व जुन्या लुगड्याचा पडदा द्या. आजी-आजोबांना समोर बसवून त्यांना खेळ करू द्या. एका बाहुलीला रंग देता देता ज्याची दुपार सरली, तो दुसऱ्याच्या श्रमाची पेनी कापणार नाही.