अकरा चाळीस ते पावणेचार

सकाळी ९.१५

बुधवार, २४ फेब्रुवारी २०२१. वांद्रे-कुर्ला संकुलातला राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, रोजच्या वेळेला उघडला. दुसऱ्या दिवशी महिन्यातला शेवटचा गुरुवार, म्हणजे तेव्हाच्या नियमाने फ्युचर्स-ऑप्शन्सची मुदत संपण्याचा दिवस, मासिक एक्सपायरी. आदल्या दिवशी सौदे मिटवणाऱ्यांची आणि पुढच्या महिन्यात ढकलणाऱ्यांची झुंबड असतेच. टाळेबंदीच्या वर्षात गावोगावी डिमॅट खाती उघडली गेली होती, त्यामुळे ही झुंबड आता दलाल स्ट्रीटपुरती उरली नव्हती. परभणी, सेलू, मानवतकडे मोंढ्यातला भाव ज्या मोबाइलवर बघायचा, त्याच मोबाइलवर बँक निफ्टीही बघितला जाऊ लागला होता.

दहा वाजून गेल्यावर

निफ्टीचा आकडा थबकला. शेअरचे भाव हलत होते, सौदे होत होते, पण पन्नास शेअरच्या भावांवरून निघणारा निर्देशांक जागचा हलेना. भाव दिसलाच नाही तर माणूस हात आखडता घेतो. शिळा भाव ताजा म्हणून दिसला तर सौदा करून बसतो. त्यामुळे थबकलेला आकडा कोऱ्या पडद्यापेक्षा घातक.

एनएसईने पुढे दिलेलं कारण असं. मुख्य संगणक केंद्र आणि जवळचं पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या वाहिन्या डळमळल्या होत्या. एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून त्या मुद्दाम दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेल्या. पण रस्त्याकडेच्या खोदकामाने आणि बांधकामाने दोन्हींना गाठलं. खोदलेल्या रस्त्यांविषयी परभणीकरांना कोणी काही शिकवायची गरज नाही. बिलं दोन कंपन्यांची आली तरी जेसीबी एकच पुरतो.

११.४०

एनएसईने सगळ्या विभागांतले व्यवहार थांबवले.

खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून देणारी यंत्रणा चालू होती, असं एनएसईचं म्हणणं. कोसळली ती सौदे मिटवून देणाऱ्या एनएसई क्लिअरिंगची जोखीम मोजणारी यंत्रणा. तिचा हिशेब ज्या सामाईक डिस्क-साठवणीवर राहायचा, त्या साठवणीची रचना एकही नोंद हरवू नये अशी केलेली: जे इथे लिहिलं जाईल ते पलीकडच्या केंद्रातही लिहिलं जायचं. वाहिनी तुटलीच तर मुख्य केंद्राने एकट्याने पुढे चालायचं, हेही ठरलेलं. पण वाहिन्या धड तुटल्या नाहीत आणि धड चालल्याही नाहीत. त्या गोंधळात मुख्य केंद्राची साठवण शेजारच्याच सर्व्हरांना दिसेनाशी झाली. सर्व्हर जागे होते, पण त्यांची वही गायब. कोणाच्या खात्यात सौद्यापोटीची अनामत, म्हणजे मार्जिन, किती उरलंय हेच कळत नसेल तर सौदे चालू ठेवणं म्हणजे पत न बघता उधार वाटणं. तेव्हा बाजार बंद केला हे ठीकच झालं. जाब मागायचा तो पुढच्या तासांचा.

दुपारी १२ ते ३

या तासांबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि तीच मोठी घटना. बाजार पुन्हा केव्हा उघडणार, आज उघडणार की नाही, याचा पत्ता नव्हता. मोठ्या संकटासाठीचं दूरचं पर्यायी केंद्र चेन्नईत होतं. कारभार तिकडे का हलवला नाही, याचा खुलासा बाजाराची नियामक संस्था सेबीने एनएसईकडे लगोलग मागितला.

हलवणं तसं अशक्य नाही: चालती यंत्रणा न थांबवता उचलून दुसरीकडे नेणं संगणकशास्त्राला जमलेलं आहे. एका सर्व्हरवर चालणारं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याची सोय व्हीएमवेअर कंपनीने २००३ मध्ये बाजारात आणली. २००५ मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी 'क्वेक ३' हा खेळ चालू असलेला सर्व्हर असा हलवून दाखवला. मध्ये खंड पडला तो सुमारे ६० मिलिसेकंदांचा, म्हणजे पापणी लवायच्या आत काम उरकलं.

हे कसं होतं ते मोंढ्यातल्या अडतीवर समजून घेऊ. दुकानाची वही व्यवहार चालू ठेवून दुसऱ्या दुकानात उतरवायची आहे. मुनीम सगळी पानं एकदा उतरवून पाठवतो. तोवर काही पानांवर नव्या नोंदी पडलेल्या असतात. पण प्रत्येक नोंद त्याच्याच हातून होत असल्याने कोणती पानं बदलली ते त्याला पक्कं ठाऊक. तेवढीच पुन्हा पाठवायची. दर फेरीला पानं कमी होत जातात. शेवटी चार उरली की दुकान क्षणभर थांबवायचं, तीही न्यायची आणि पलीकडे गादी मांडायची. आता समजा, काम झटपट व्हावं म्हणून मापाड्यालाही वहीत थेट लिहायची मुभा दिली. कामाला वेग आला खरा, पण कोणतं पान बदललं हे मुनिमाला कळेनासं झालं. मापाडी केव्हा कोणतं पान उघडेल याचा नेम नाही, म्हणून एकही पान जागचं हलवता येत नाही. आणि काट्यावर अर्धवट असलेल्या मालाचा आकडा वहीत नसतोच, तो मापाड्याच्या डोक्यात असतो.

व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क कार्ड किंवा जीपीयू थेट बहाल केलं की नेमकं हेच होतं. मधल्या हायपरवायझरला, म्हणजे इथल्या मुनिमाला, वगळून कार्ड मशीनच्या मेमरीत स्वतः लिहितं. त्यासाठी सगळी मेमरी जागेवर खिळवून ठेवावी लागते. प्रोसेसरने केलेले बदल टिपले जातात, कार्डाने केलेले निसटतात. लिनक्समध्ये अशी थेट बहाली सुरक्षितपणे करणारी व्हीएफआयओ ही चौकट २०१२ मध्ये आली आणि रुजली. हलवाहलवीचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. त्यावर बराच काळ पळवाटच वापरात होती: निघण्याआधी कार्ड काढून घ्यायचं, वाटेत सावकाश चालणाऱ्या आभासी कार्डावर भागवायचं आणि मुक्कामी पोचल्यावर तिथलं कार्ड जोडायचं. २०१८ च्या लिनक्स ४.१८ ने या पळवाटेला रीतसर जागा दिली. कार्डालाच थांबवून त्याची अंतर्गत स्थिती लिहून घेण्याचा सध्याचा करार २०२२ च्या ५.१८ मधला. कार्डाने कोणती पानं बदलली हे कार्ड आणि मेमरी यांच्या मध्ये बसणाऱ्या आयओएमएमयूनेच टिपून सांगायची सोय तर ६.७ मध्ये, म्हणजे २०२४ उजाडल्यावर आली. एवढं करूनही पलीकडच्या सर्व्हरमध्ये ती स्थिती वाचू शकणारं जुळतं कार्ड हवंच. दुसऱ्या जातीच्या कार्डाला तो कागद उपयोगाचा नाही.

त्या बुधवारचा बिघाड अशा कार्डांमुळे झाला नव्हता. गाठ मात्र त्याच जातीची होती. वेगासाठी किंवा अचूकपणासाठी यंत्रणा जितकी एखाद्या ठिकाणच्या लोखंडाला घट्ट बांधावी, तितकी ती तिथून उचलायला जड होते. इथे हिशेबाची वही विशिष्ट डिस्क-साठवणीला बांधलेली, ती साठवण शेजारच्या केंद्राला बांधलेली, आणि तो बांध रस्त्याखालच्या वाहिन्यांवर अवलंबून. शिवाय २०१० पासून दलाल पेढ्यांना आपले सर्व्हर बाजाराच्याच आवारात ठेवता येतात. तिथे मायक्रोसेकंद वाचवण्यासाठी सगळा जीव ओतलेला असतो. बाजार चेन्नईला गेला तरी ही यंत्रं वांद्र्यातच राहणार. पर्यायी केंद्र कागदोपत्री असणं आणि दुपारी बारा वाजता, सौदे अर्धवट लटकलेले असताना तिथे जाता येणं, यात फार मोठं अंतर आहे. त्यातही यंत्रापेक्षा माणूस हळू निघाला. 'आता इथे होत नाही, तिकडे चला' हे म्हणायचं कोणी आणि कितव्या मिनिटाला?

३.१५

मुंबईतलाच दुसरा शेअर बाजार, बीएसई, मात्र चालूच होता. त्याची बंद व्हायची वेळ साडेतीनची. दिवसाच्या दिवसात मिटवायचे सौदे दलाल पेढ्या साधारण याच सुमाराला स्वतःहून मिटवून टाकतात. एनएसई उघडेल या आशेवर थांबावं, तर न उघडल्यास सौदा रात्रभर गळ्यात. म्हणून ज्यांना जमलं त्यांचे शेअर बीएसईत मिळेल त्या भावाला मिटवले गेले. एनएसईवरचा सौदा बीएसईत मिटवण्याची मुभा २०१९ पासून होती, तिचा इथे उपयोग झाला. निफ्टीच्या ऑप्शनवाल्यांना तेवढीही वाट नव्हती. तो बाजार जवळजवळ सगळा एनएसईवरच चाले.

३.३० ते ५

साडेतीनला काही मिनिटं उरली असताना घोषणा झाली: पावणेचारला बाजार पुन्हा उघडणार आणि पाचपर्यंत चालणार. बीएसईनेही वेळ पाचपर्यंत वाढवली. ही बातमी अडीचला आली असती तर कितीतरी सौदे नाइलाजाने मिटवावे लागले नसते. बिघाड दिवसभरात केव्हाही होऊ शकतो, पण तासन्‌तास काही न सांगणं हा निर्णय असतो.

त्यात योगायोग असा की सरकारी कामकाज खासगी बँकांनाही खुलं करण्याचा निर्णय त्याच दुपारी जाहीर झाला. बँकांचे शेअर उसळले. सेन्सेक्स १,०३० अंकांनी वर जाऊन ५०,७८१ वर बंद झाला, निफ्टी १४,९८२ वर. सकाळी घेतलेले शेअर ज्यांचे सव्वातीनला विकले गेले होते, त्यांना ही तेजी नुसती बघावी लागली.

त्यानंतर

२२ मार्च २०२१ रोजी सेबीने माणसाच्या घुटमळण्यालाच घड्याळ लावलं. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली की ३० मिनिटांच्या आत ते संकट म्हणून जाहीर करायचं आणि तिथून ४५ मिनिटांत, गरज पडल्यास पर्यायी केंद्रावरून, काम पुन्हा सुरू करायचं. याच मापाने त्या बुधवारी बाजार एकच्या आधी उघडायला हवा होता. जून २०२३ मध्ये एनएसई आणि एनएसई क्लिअरिंग यांनी मिळून ७२ कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरली आणि सेबीकडचं हे प्रकरण तडजोडीने मिटवलं.

मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर दिवसाढवळ्या जाण्याचा प्रयोग खऱ्या सौद्यांनिशी झाला तो २ मार्च २०२४ रोजी. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून, साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रावरून. मधला दीड तास हलण्यासाठी राखलेला, आणि भावांची चढउतार पाच टक्क्यांच्या आत बांधलेली. १८ मे रोजी पुन्हा तसाच प्रयोग झाला. दोन्ही वेळा वार निवडला होता शनिवार.